नहुषाची मुले आणि आपली मुले

गेल्या श्रावणातल्या एका दुपारी माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला, आणि तो गेल्यावर मला खांडेकरांची ‘ययाति’ पुन्हा वाचायला घ्यावी लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

विद्यार्थी म्हटले खरे. पण तो आता पन्नाशीला आला आहे. हुबळीत त्याचे वेल्डिंगचे छोटे वर्कशॉप आहे. १९८८ साली तो माझ्या वर्गात नववीत होता. तेव्हा मी हुबळीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्त झाल्यावर मी धारवाडला माळमड्डीत राहायला आलो. कुणाकुणाला विचारत, भर पावसात, त्याने माझे घर शोधून काढले होते.

चहा झाल्यावर तो म्हणाला, “सर, पोरीचं जरा बोलायचं होतं.” मुलगी चौदा वर्षांची, नववीत, इंग्रजी माध्यमात. दोन महिन्यांपासून शाळेतून आली की खोलीत बसून असते. जेवण कमी झाले आहे, झोप नाही, मैत्रिणी तुटल्या आहेत. तिच्या वहीच्या मागच्या पानावर आईला काही ओळी सापडल्या. आपण ढ आहोत, आपला कुणाला उपयोग नाही, आपण घराला भार आहोत, अशा अर्थाच्या.

मी विचारले, “तू तिच्याशी बोललास का?”

तो म्हणाला, “मी काय बोलू सर? मला बोलायला कुठं येतंय. तुम्हीच म्हणाला होता की, ना धड मराठी, ना धड कन्नड, तुला भाषाच नाही म्हणून. खरंच होतं बघा ते.”

मला त्या वाक्याची आठवण नव्हती. त्याला सगळे आठवत होते. निबंधाचा विषय ‘माझी आजी’. त्याने वर्गापुढे वाचून दाखवताना ‘आजी हित्तलात बसायची’ असे वाचले. हित्तल म्हणजे कानडीत परडे. आपल्या भागातल्या कितीतरी मराठी घरांत हाच शब्द आहे. मी “हित्तल म्हणजे काय रे?” असे विचारून वर्गाला हसवले, आणि मग ते वाक्य बोललो. त्याने निबंध अर्धाच वाचला आणि तो खाली बसला. बस्स, एवढेच घडले होते.

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, हेच मला सर्वांत जास्त लागले. शिवी दिली असती तर त्याला राग आला असता आणि तो ती विसरला असता. माझे वाक्य त्याने माहिती म्हणून घेतले. आपली उंची इतकी, आपला रक्तगट अमुक, तसे ‘आपल्याला भाषा नाही’. आणि आज त्याची मुलगी दाराआड बसली असताना हीच माहिती त्याच्या पायात आडवी येत होती.

* * *

मानसशास्त्रात अशा माहितीला नाव आहे. फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक (१९२१–२०२१) यांनी खिन्नतेच्या रुग्णांचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकले, तेव्हा त्यांना असे दिसले की, वरवर येणाऱ्या निराश विचारांच्या तळाशी काही थोडी, ठाम, आखूड वाक्ये असतात. त्यांना आपण मूळ धारणा म्हणू. ही वाक्ये फार नसतात. आपल्याच्याने काही होत नाही. आपण कुणाला हवेसे नाही. आपण कवडीमोलाचे आहोत. बहुतेक याच तीन घरांत ती बसतात. बेक यांनी असेही दाखवले की, खिन्न माणसाचा नकार तीन दिशांना जातो : स्वतःकडे, जगाकडे आणि पुढे येणाऱ्या दिवसांकडे.

धारणेची खोड अशी की, ती आपला पुरावा आपणच निवडते. ‘मी ढ आहे’ असे मानणाऱ्या मुलीला नव्वद गुण मिळाले तर पेपर सोपा होता. चाळीस मिळाले की ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ म्हणजे दोन्ही वेळा धारणाच जिंकते. त्यातून बारा-तेरा वर्षांनंतर मुलांना एका प्रसंगावरून सर्वसाधारण नियम काढण्याची ताकद येते. भूमितीला ही ताकद उपयोगी पडते. पण तिच्याच जोरावर ‘आज मला उत्तर आले नाही’ याचे ‘मी असाच आहे’ होते. नियम काढता येतो, पण तो तपासून पाहण्याइतके आयुष्य अजून गाठीशी नसते. पौगंडावस्थेची नाजूक जागा ही आहे.

न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) याच वाटेने थोडे आधी गेले होते. घटना आपल्याला जेवढे दुःख देते, त्याहून अधिक दुःख तिच्याविषयी आपण स्वतःशी जे बोलतो ते देते, असे त्यांचे सांगणे. कि. मो. फडके यांनी त्यांचा विचार मराठी वाचकांपर्यंत आणला, म्हणून आपल्याला तो अगदी परका नाही. एक गोष्ट मात्र येथेच नोंदवून ठेवतो. प्रत्येक मुलाची खिन्नता कुणाच्या वाक्यातून येते असे नाही. आनुवंशिकता असते, आजार असतो, घरातला मृत्यू असतो, गरिबी असते, छळ असतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. महानगरांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. एवढ्या साऱ्यांचे कारण एकच असणे शक्य नाही. पण कारण काहीही असो, मुलाच्या मनात त्याचे वाक्य होते. आणि वाक्य हा तर आम्हा साहित्याच्या माणसांचा प्रांत. म्हणून मी माझ्या शेल्फाकडे वळलो.

* * *

‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे खांडेकरांना ज्ञानपीठही मिळाले. आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत ही कादंबरी पोथीसारखी जपलेली असे. तिचे रूढ वाचन आपल्याला पाठ आहे : ययाति हा भोगलोलुप माणसाचा प्रतिनिधी, कच हा संयमाचा, आणि कादंबरी म्हणजे वासनेच्या मागे धावणाऱ्या आधुनिक मनुष्याला दिलेला इशारा. खुद्द खांडेकरांनीही तिच्याकडे याच नजरेने पाहिले. मीही तीस वर्षे वर्गात हेच शिकवले.

या खेपेला मात्र माझे लक्ष शापाकडे गेले. इंद्रपद मिळाल्यावर उन्मत्त झालेल्या नहुषाला अगस्तीचा शाप होतो, आणि खांडेकर त्या शापात मुलांनाही ओढतात : नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत. मूळ पुराणकथेत नहुष सर्प होऊन पडतो. तिथला भर त्याच्या पतनावर आहे. खांडेकरांनी तो भर मुलांवर आणला, आणि माझ्या मते कादंबरीचे खरे इंजिन हे आहे. थोरला यति घरदार टाकून वैरागी होतो. धाकटा ययाति घरात राहतो आणि राजा होतो. वरवर पाहता एक भोगाकडे पाठ फिरवतो, दुसरा भोगाकडे धावतो. पण दोघेही एकाच वाक्यापासून पळत आहेत. यतीची पळवाट सुखच नको म्हणण्याची. ययातीची, सुख मिळवून शाप खोटा पाडण्याची.

असे वाचले की ययातीची भोगतृष्णा वेगळी दिसू लागते. आईने आपले सौंदर्य बिघडेल म्हणून आपल्याला अंगावर पाजले नाही, हे त्याला लहानपणीच कळते. म्हणजे ‘आपण पुरेसे हवेसे नव्हतो’ हे एक वाक्य आधीच आत गेलेले आहे; त्यावर शापाचे दुसरे वाक्य येऊन बसते. बेक यांच्या भाषेत सांगायचे तर पहिले स्वतःविषयी आहे आणि दुसरे भविष्याविषयी. मग प्रत्येक स्त्री, प्रत्येक मद्याचा चषक, प्रत्येक विजय ही त्या वाक्याची चाचणी होते. चाचणी फसते, कारण ज्याला सुख सिद्ध करायचे असते, त्याला ते भोगता येत नाही. आणि प्रत्येक फसलेल्या चाचणीनंतर शाप अधिक खरा वाटू लागतो. वर्गात आम्ही याला वासना म्हणत आलो. मला आता ती एका घाबरलेल्या मुलाची धडपड वाटते.

येथे खांडेकरांवर एक आक्षेप घ्यावासा वाटतो. त्यांनी रोग अचूक पकडला, पण औषध म्हणून उपदेश दिला. कचाचे विचार उदात्त आहेत. कादंबरीचा पुष्कळसा लौकिक त्यांच्यावर उभा आहे. पण ‘मी कधीच सुखी होणार नाही’ असे मानणाऱ्या माणसाला ‘संयम ठेव’ असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालण्याचे फायदे सांगणे होय. ऐकणारा त्यातून एवढेच घेतो की, ‘हेही मला जमत नाही’. उपदेशाने धारणा हलत नाही. उलट तिला आणखी एक साक्षीदार मिळतो. आपल्या घरांतून आणि शाळांतून आजही हेच चालते. मूल गप्प झाले की आपण त्याच्यापुढे एखादा कच उभा करतो. शेजारचा मुलगा, मामाचा मुलगा, गेल्या वर्षीचा बोर्डात आलेला.

मात्र कादंबरीतच एक उत्तर आहे, आणि ते खांडेकरांनी उपदेशाच्या नव्हे, कथेच्या हाताने लिहिले आहे. ते म्हणजे पुरू. तोही नहुषाच्याच रक्ताचा. पण तो राजवाड्यात वाढला नाही. शर्मिष्ठेने, एका दासीने, त्याला घेऊन परागंदा होऊन वाढवले. राजवाड्याच्या भिंतींनी जे वाक्य ययातीला ऐकवले, ते पुरूच्या उशाशी कुणी म्हटले नाही. आणि बापासाठी काही देऊन टाकण्याचे बळ नेमके याच मुलात आहे. कादंबरीकाराला हे म्हणायचे होते की नाही, मी सांगू शकत नाही. पण कादंबरी हे म्हणते. शाप रक्तातून उतरत नाही, तो कानातून उतरतो.

* * *

पुरूचे नाव निघाल्यावर धारवाडकराला दुसरा ‘ययाति’ आठवणारच. गिरीश कर्नाडांनी आपले पहिले नाटक कन्नडमध्ये लिहिले तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. येथल्या कर्नाटक कॉलेजातून ते पदवीधर झाले होते आणि ऑक्सफर्डला निघाले होते. घरच्यांच्या अपेक्षा एकीकडे, स्वतःची वाट दुसरीकडे, या ओढाताणीत हे नाटक सुचले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. १९६१ साली ते येथल्याच मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. म्हणजे अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने, कोल्हापुरात एका साठीच्या लेखकाने बापाच्या बाजूने आणि धारवाडात एका तरुणाने मुलाच्या बाजूने, एकच कथा सांगितली. आपल्या भागाच्या साहित्यातला हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

कर्नाडांचा पुरू हा खांडेकरांच्या पुरूसारखा निर्मळ त्यागी नाही. पूर्वजांच्या पराक्रमाच्या ओझ्याखाली आपण कुणीच नाही, असे त्याला वाटते. त्याने बापाचे वार्धक्य घेणे यात पितृभक्ती किती आणि एकदाचे ‘कुणीतरी’ होण्याची घाई किती, हा प्रश्न नाटक उघडा ठेवते. माझे वाचन असे की, पुरूला स्वतःचे तारुण्य देऊन टाकणे सोपे जाते, कारण त्याच्या लेखी त्याची किंमतच नव्हती. ज्याला आपण भार आहोत असे वाटते, तो मुलगा असाच एखादा भव्य त्याग शोधत असतो. आणि भोवतालचे त्याला गुणी म्हणतात. आज्ञाधारक, काही न मागणारी, घरासाठी सगळे सोडणारी मुले पाहिली की आता मला आधी काळजी वाटते, मग कौतुक.

कर्नाडांनी महाभारतात नसलेली एक व्यक्ती या नाटकात आणली. पुरूची नववधू चित्रलेखा. बाप आणि मुलगा आपापल्या उदात्ततेत मग्न असताना, माझे काय, असे विचारणारी ती एकटी. तिच्या प्रश्नाला कुणापाशी उत्तर नाही, आणि तिच्या मृत्यूनंतरच ययातीचे डोळे उघडतात. एका मुलाने स्वतःविषयी मानलेले खोटे वाक्य दुसऱ्या जिवाला कसे पुरते, हे यापेक्षा नेमके मी कुठे वाचलेले नाही.

आता कर्नाडांच्याच आयुष्यातला एक प्रसंग. त्यांचे ‘आडाडता आयुष्य’ हे आत्मचरित्र २०११ साली आले. उमा कुलकर्णी यांच्या अनुवादामुळे ते मराठीत ‘खेळता खेळता आयुष्य’ या नावाने वाचता येते. त्याच्या प्रारंभीच १९७३ सालची हकीकत आहे. धारवाडच्या घरात जेवणे चालली आहेत. कर्नाड पस्तीस वर्षांचे, नावारूपाला आलेले. आई सहज सांगून जाते की, हे मूल होऊ द्यायचे नाही असे आम्ही ठरवले होते. पुण्याच्या डॉक्टर मधुमालती गुणे यांच्या दवाखान्यात गेलो, तासभर वाट पाहिली, बाई आल्या नाहीत, म्हणून परत फिरलो. ऐकून कर्नाड सुन्न होतात. पण पुढे त्यांनी काय केले? आपले आत्मचरित्र त्यांनी त्या न आलेल्या डॉक्टरांनाच अर्पण केले.

हे त्यांना करता आले. कारण पस्तिसाव्या वर्षी ‘तू नकोसा होतास’ हे वाक्य समोर ठेवून त्याच्याकडे पाहण्याइतके आयुष्य त्यांच्याजवळ होते. नाटके होती, मित्र होते, आणि हसत ते सांगणारी आईही समोर बसलेली होती. वाक्य माहितीच राहिले. त्याची धारणा झाली नाही. हेच वाक्य तेराव्या वर्षी, रागाच्या भरात, नापास झालेल्या प्रगतिपुस्तकावर सही करताना कुणी ऐकवले असते तर? आपल्याकडे मुलींना ते कसे ऐकवले जाते, हे मी सांगायला नको. ‘मुलगा होईल म्हणून वाट पाहिली आणि ही झाली.’ पाहुण्यांसमोर, हसतहसत.

* * *

शेवटी जी. ए. कुलकर्णी. त्यांच्याविषयी लिहिताना धारवाडच्या माणसाचा हात जरा अडखळतो. ते बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. वर्षानुवर्षे येथल्या कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवले. सभासमारंभांपासून ते दूर राहिले. मराठी समीक्षेने त्यांच्यावर एक शिक्का मारला : नियतिवादी. माणूस धडपडतो, नियती त्याला चिरडते, हे त्यांच्या कथांचे आशयसूत्र म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना लिहून दिले. दहा गुणांच्या प्रश्नाचे ते उत्तर झाले.

हा शिक्का खोटा नाही, अपुरा आहे. नियती म्हटले की विचार तिथेच थांबतो, आणि घरातली माणसे सुटतात. जी.एं.च्या कथांत, विशेषतः ‘पारवा’, ‘हिरवे रावे’च्या काळातल्या घरगुती कथांत, जे घडते त्यातले पुष्कळसे आकाशातून पडत नाही. ते माजघरात, ओसरीवर, जेवणाच्या पाटावर माणसे एकमेकांना जे बोलतात आणि जे बोलायचे टाळतात त्यातून घडते. त्याला आपण नियती म्हणतो. कारण बोलणारा ते विसरून गेलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला ते कुणी बोलले होते हेच आठवत नाही. माझ्या विद्यार्थ्याला आठवत होते, हे माझे नशीब.

‘पिंगळावेळ’मधली ‘कैरी’ पाहा. पुढे अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. पोरके झालेले मूल मावशीकडे येते. मावशीचा स्वतःचा संसार दुःखाचा, घरात तिला मान नाही. ‘आपण नकोसे आहोत’ हे वाक्य त्या मुलाने उचलावे अशी सगळी परिस्थिती तिथे तयार आहे. आई गेली ही घटना मावशी बदलू शकत नाही. स्वतःचे नशीबही तिला बदलता येत नाही. कथेचा शेवट काही गोड नाही. पण त्या घटनेवरून मुलाने स्वतःविषयी काय निष्कर्ष काढावा, हे ती आपल्या वागण्याने बदलते. ती त्याला ‘तू हवा आहेस’ असे भाषण देत नाही. हवे असल्यासारखी वागते. कचाला जे शब्दांनी साधत नाही, ते या अर्धशिक्षित बाईला साधते. घटना आणि निष्कर्ष यांच्यामधल्या या फटीत जी.ए. उभे आहेत, आणि नियतिवादाच्या शिक्क्याखाली आम्ही ती फटच बुजवून टाकली. ‘बखर बिम्मची’सारखे लहान मुलाच्या आनंदाचे पुस्तक याच लेखकाने लिहिले, हेही मग आम्हाला केवळ अपवाद म्हणून सांगावे लागते.

यावर कुणी म्हणेल, ही साहित्याची चिकित्सा झाली की समुपदेशन? मला त्यात फारसा भेद दिसत नाही. वर्गात बसलेले चौदा-पंधरा वर्षांचे मूल कथा वाचते तेव्हा ते स्वतःविषयीही काही ठरवत असते. त्याला आम्ही ‘हे सारे नियतीचे’ असे शिकवले, तर त्याने आपल्या घरातल्या वाक्यालाही नियती मानावे यात नवल नाही. ‘हे वाक्य कुणी म्हटले, केव्हा म्हटले, त्याला काय माहीत होते’ असे विचारायला शिकवणे हे चांगल्या समीक्षेचे काम आहे. आणि मानसोपचाराच्या खोलीत तज्ज्ञही जवळजवळ हेच प्रश्न विचारतात. आपल्या भागातल्या मुलांना तर हे विचारता आलेच पाहिजे. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, परीक्षेत इंग्रजी. आणि तिन्हीकडून ‘तुझे अशुद्ध आहे’ असे ऐकवणारे आम्ही. तूप, अण्णा, अक्का हे शब्द कानडीशी नाते सांगतात, हे भाषाशास्त्राच्या तासाला अभिमानाने सांगणारा मी, एका मुलाच्या ‘हित्तला’ला मात्र हसलो होतो.

* * *

त्या दिवशी मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली म्हणजे, ते वाक्य चुकीचे होते. केवळ कठोर होते असे नव्हे, चुकीचे होते. मी तेव्हा तिशीतला, शुद्धलेखनाच्या घमेंडीतला मास्तर होतो. मला त्याच्या भाषेतले काही कळत नव्हते. तो गप्प बसला. छत्तीस-सदतीस वर्षे जुनी माहिती एका दुपारी खोडली जात नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

दुसरी, मुलीला तज्ज्ञाकडे ने. तो दचकला. “सर, धारवाडला न्यायचं म्हणजे...” त्याने वाक्य पुरे केले नाही, त्याची गरज नव्हती. येथले मनोरुग्णालय १८४५ सालचे. बेळगाव रस्त्यावरची ही संस्था आज ‘डिमहान्स’ म्हणून ओळखली जाते, आणि तिथे शिक्षण, संशोधन, उपचार चालतात. पण आमच्या भागात ‘याला धारवाडला पाठवा’ ही थट्टा अजून मेलेली नाही. गावाच्या नावाचाच आम्ही शाप करून ठेवला आहे. मी त्याला म्हटले, मी धारवाडातच राहतो, मी बरोबर येतो. तोपर्यंत रात्री-अपरात्री काही वाटले तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक लाव. २०२२ पासून तो चालू आहे, चोवीस तास, आणि तिथे आपल्या भाषेतून बोलता येते.

आम्ही गेलो. पहिल्या भेटीत मुलगी काही बोलली नाही. तिसऱ्या की चौथ्या भेटीनंतर तिला घरी करायला एक काम मिळाले. ‘मी भार आहे’ याच्या बाजूने काय पुरावा आहे आणि विरुद्ध काय आहे, हे दोन रकान्यांत लिहायचे. पहिला रकाना तिने पटकन भरला. दुसरा आठवडाभर कोरा राहिला. मग तिथे एक ओळ आली : बाबा दर सोमवारी दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर येतात. ही ओळ तिनेच मला दाखवली, कानडी-मराठी-इंग्रजी मिसळून वाचून दाखवली. उपचार चालू आहेत. ती बरी झाली, असे लिहिण्याची घाई मी करणार नाही.

दसऱ्याला तो सोने द्यायला आला तेव्हा खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. “अर्धा राहिला होता की सर,” एवढेच म्हणाला. दीड पानाचा मजकूर होता. आजी त्यात हित्तलात बसली होती, भाकरी थापत होती, आणि चुलीतला धूर डोळ्यांत गेला की नातवाला कानडीत हाक मारत होती. सवयीने माझा हात पेनाकडे गेला होता. मी पेन बाजूला ठेवले आणि कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, त्याच्यासमोर मोठ्याने वाचला.